आमचे सात कॅमेरे



कॅमेरा ही पैसेवाल्यांची वस्तू आहे, कष्टकऱ्याच्या घरी तिचे काय काम, असे आमच्या तरुणपणी सर्रास बोलले जाई. हौस म्हणून कॅमेरा बाळगणारा माणूस उधळ्याच असणार, असाही एक समज होता. आज परिस्थिती पार बदलली आहे. चाळीतल्या बहुतेक खोल्यांत एक सोडून तीन-तीन कॅमेरे आहेत, कारण ते फोनातच बसून आले आहेत. तरीसुद्धा कुणाच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असला म्हणजे आदल्या रात्री धावपळ सुरू होते, की आजोबांचा एखादा धड फोटो कुणाकडे आहे का? शेवटी कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून काढावा लागतो.

फोटो काढले जातात, पण राहत नाहीत. हा दोष यंत्राचा की आपल्या सवयीचा, हे तपासावे म्हणून या खेपेला आम्ही आमच्याच हौसेचा हिशेब वाचकांपुढे मांडीत आहोत. गेल्या पन्नास वर्षांत आमच्या हाती सात कॅमेरे आले. त्यातला एकही फार भारी नव्हता. पण प्रत्येकाने काहीतरी शिकवले, आणि ते आपल्यासारख्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

आधी हौस लागली कशी ते सांगितले पाहिजे. आमचे वडील गिरणीत साचेवाले होते. १९७१ साली ते वारले. त्यांचा फोटो म्हणाल तर गिरणीच्या पासावरचा, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, आणि त्यावरही शिक्क्याची शाई चढलेली. तो घेऊन थोरले बंधू एका स्टुडिओत गेले आणि मोठा करून मागितला. आठ दिवसांनी फ्रेम घरी आली. स्टुडिओवाल्याने ब्रशने चेहरा गोरा केला होता, मिशी कोरली होती आणि अंगात कोट चढवला होता. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये तुमचं दादा न्हवं रं. ह्यो कुनी सायब हाय." ती फ्रेम आजही घरात आहे. वडिलांचा खरा चेहरा मात्र त्या पासापुरताच उरला. आपल्या माणसांचे फोटो आपणच काढायचे, आणि ते जसे आहेत तसेच काढायचे, हे आम्ही तेव्हा ठरवले.

१९७३ साली आम्ही गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो आणि पहिल्या बोनसातून चोर बाजारात एक जुना 'अगफा क्लिक थ्री' घेतला. त्या काळी हा कॅमेरा बडोद्याच्या कारखान्यात बनत असे आणि साध्या माणसाला परवडेल असा तोच एक होता. त्यात समजण्यासारखे काही अवघड नव्हते. भिंगाजवळ ऊन आणि ढग अशा खुणा होत्या. आज ऊन आहे की ढग, एवढे बघायचे, माणसाला आठ-दहा फुटांवर उभे करायचे आणि खटका दाबायचा. मागच्या बाजूला तांबड्या काचेची लहानशी खिडकी होती. चावी फिरवली की तिच्यात फिल्मच्या कागदावरचा पुढचा आकडा दिसे. एका रोलमध्ये चौकोनी असे १२ फोटो, बास.

रोल, धुलाई आणि छपाई धरली तर आठवड्याच्या भाजीचे पैसे जात. म्हणून तो रोल आम्ही तीन-तीन महिने पुरवीत असू. कुणाचा फोटो काढायचा हे घरात बसून ठरे. पहिल्या रोलच्या वेळी आजी काही केल्या तयार होईना. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे तिच्या मनात कुणीतरी भरवले होते. आम्ही वाद घातला नाही. कॅमेऱ्याचे पाठीमागचे झाकण उघडून तिच्या हातात दिले. आत रिकामी पेटी, पुढे काचेचे भिंग, मागे फिल्म बसवायची जागा. "एवढंच हाय व्हय?" म्हणाली आणि पदर सावरून दारात बसली. १९७६ साली ती गेली. तिचा जगात असलेला एकमेव फोटो तो आहे.

फिल्म बाजारात दोन प्रकारची मिळे. एक पूर्व जर्मनीची 'ऑर्वो' आणि दुसरी आपल्या देशाची 'इंदू'. ही इंदू फिल्म उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात बनत असे. कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि १९६७ पासून माल काढू लागला. आता तो बंद आहे. पण कृष्णधवल फोटोच्या दिवसांत त्या फिल्मवर देशातल्या कितीतरी घरांचे चेहरे उमटले, हे विसरता येणार नाही.

पैसे वाचवायचे म्हणून फिल्म धुणे आम्ही घरीच शिकलो. चाळीत मोरी हीच आमची डार्करूम. रात्री सगळे निजले की दाराच्या फटीत चादरी कोंबायच्या आणि पूर्ण अंधारात काम करायचे, कारण या फिल्मला कुठलाच उजेड चालत नाही. तीन पातेली मांडलेली असत. पहिल्यात मेटॉल आणि हायड्रोक्विनोनचे औषध, दुसऱ्यात साधे पाणी आणि तिसऱ्यात हायपो. फिल्मची दोन टोके दोन हातांत धरायची आणि झोपाळ्यासारखी वरखाली करीत ती औषधातून फिरवायची. पहिल्या औषधाने उजेड लागलेल्या जागी चांदी काळी पडते, आणि हायपोने उजेड न लागलेले चांदीचे क्षार विरघळून निघून जातात. फोटोचे सगळे रहस्य एवढेच आहे. शेवटी फिल्म वाहत्या पाण्यात अर्धा तास तरी धुवावी लागे. नळ पहाटे चारला येई, म्हणून आमचे सगळे काम नळाच्या वेळेला बांधलेले होते. (ही पातेली पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाहीत, हे आमच्या आईने पहिल्याच दिवशी बजावले होते आणि ते योग्यच होते.) कागदावर फोटो छापताना मात्र तांबडा दिवा चालतो. त्या तांबड्या उजेडात पांढऱ्या कागदावर आईचा चेहरा हळूहळू वर येताना प्रथम पाहिला, तो आनंद पुढे कुठल्याही महागड्या कॅमेऱ्याने दिला नाही.

दुसरा कॅमेरा १९७९ सालचा. कायम कामगार झालो होतो, हातात दोन पैसे खेळत होते. फोर्टात जुन्या मालाच्या दुकानात रशियाचा 'झेनिट-ई' मिळाला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे बनलेला हा कॅमेरा भिंगासकट किलोभर वजनाचा. गळ्यात अडकवला की मान दुखे. पण त्याचे ५८ मिलिमीटरचे हेलिओस भिंग इतके उघडे होते की खोलीतल्या दिव्याच्या उजेडातही फोटो निघे. उजेड मोजायला वर सेलेनियमची जाळी होती, तिला सेल लागत नसे. काटा किती हलला ते वाचायचे आणि त्याप्रमाणे आकडे हाताने लावायचे. शटर एका सेकंदाचा तिसावा भाग ते पाचशेवा भाग एवढे चाले. उजेड, वेळ आणि भिंगाचे तोंड या तिघांचा हिशेब आम्ही त्याच्यावर शिकलो. रात्रपाळीहून सुटणारे सोबती, कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणारी पोरे, जिन्यात गप्पा मारणाऱ्या मावश्या, असे फोटो त्या तीन वर्षांत निघाले.

मग १९८२ साल उजाडले. १८ जानेवारीला संप सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आम्हीही होतो. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना आम्ही वेगळे सांगायला नको. मुलगी तेव्हा वर्षाची होती. आधी घरातली तांब्याची भांडी गेली, मग सहचारिणीच्या कानातले गेले. तिचे कान मोकळे दिसत असताना कपाटात कॅमेरा ठेवणे आम्हाला शोभणारे नव्हते. पावसाळ्यात झेनिट विकला. त्यातून दीड महिन्याचे रेशन आले आणि दुधवाल्याची बाकी फिटली. त्याबद्दल आम्हाला तेव्हाही दुःख नव्हते, आजही नाही. वस्तू माणसासाठी असते.

झेनिटबरोबर क्लिक थ्रीही दुकानात नेला होता. दुकानदाराने त्याच्याकडे बघितलेसुद्धा नाही. "घेऊन जा, याला कोण विचारतो?" म्हणाला. अशा रीतीने तो स्वस्तातला कॅमेरा घरी राहिला आणि त्यानेच आमच्या हातून सगळ्यात मोलाचे काम करवून घेतले. संपाच्या त्या वर्षात आम्ही एकच रोल घालू शकलो. आसपासच्या खोल्यांतली माणसे एकामागून एक गावी निघाली होती. कुणी साताऱ्याकडे, कुणी रत्नागिरीकडे. ज्याची वळकटी बांधून झाली त्याला आम्ही चाळीच्या जिन्याजवळ उभे करीत असू आणि एक फोटो घेत असू. असे बारा फोटो, बारा माणसे. त्यातले बरेच जण परत आले नाहीत. पुढे कितीतरी वर्षांनी एका सोबत्याचा मुलगा आमचा पत्ता शोधत आला. त्याच्या वडिलांचा तरुणपणीचा एकही फोटो घरी नव्हता. ती निगेटिव्ह आमच्या डब्यात होती. आम्ही त्याला छापून दिला, तेव्हा तो जिन्यातच बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

पुढे एका छापखान्यात आम्हाला काम मिळाले. तिसरा कॅमेरा खरे तर आमचा म्हणता येणार नाही. १९८७ साली थोरल्या बंधूंची मुलगी दहावी पास झाली म्हणून तिला 'हॉट शॉट' घेऊन दिला. 'खटाक' या एका शब्दाने त्याची जाहिरात तेव्हा पोरासोरांच्या तोंडी झाली होती. त्यात '११०' नावाची फिल्म लागे. ती डबीतच बंद असल्याने रोल चढवण्याची कटकट नव्हती. पण निगेटिव्ह अवघी १३ बाय १७ मिलिमीटरची, म्हणून फोटो मोठा केला की दाणे दिसत. तरीही त्या पोरीने काढलेले फोटो आम्हाला आमच्यापेक्षा सरस वाटतात. आम्ही माणसांना चांगले कपडे घालायला लावून उभे करीत असू. तिने आपल्या आईला स्टोव्हला पिन मारताना टिपले, आजीला तांदूळ निवडताना टिपले, मैत्रिणींना नळावर भांडताना टिपले. आपल्या बायामाणसांचे सगळे आयुष्य कामात जाते आणि फोटोत मात्र काम कुठे दिसत नाही. त्या पोरीच्या दोन पाकिटांत ते दिसते.

चौथा 'याशिका एमएफ-टू'. १९९० साली मामेभावाने दुबईहून आणला. ३५ मिलिमीटरची फिल्म, ३६ फोटो, रंगीत, आणि फ्लॅश अंगातच. दोन पेन्सिल सेल घातले की झाले. त्या काळात गल्लीगल्लीत रंगीत फोटो धुणाऱ्या लॅब निघाल्या होत्या आणि तासाभरात फोटो हातात पडत. मोरीतली आमची पातेली तेव्हा कायमची उचलली गेली. या लॅबची गंमतही होती. एकदा आमच्या पाकिटात भलत्याच कुणाच्या वरातीच्या निगेटिव्ह आल्या आणि आमच्या भाचीच्या नामकरणाच्या कुठे गेल्या त्याचा पत्ता लागला नाही. असो. पण खरा मुद्दा निराळाच आहे. आज आमच्याकडे १९७३ चे कृष्णधवल फोटो जसेच्या तसे आहेत, आणि १९९० चे रंगीत फोटो तांबूस-पिवळे पडले आहेत. याचे कारण असे, की कृष्णधवल फोटोत चांदी असते आणि नीट धुतलेली चांदी टिकते. रंगीत फोटोत रंगद्रव्ये असतात, ती उजेडाने आणि दमटपणाने उडतात. ज्यांच्या घरी १९८० ते २००० च्या दरम्यानचे रंगीत फोटो आहेत त्यांनी हे ध्यानात घ्यावे आणि ते लवकर स्कॅन करून घ्यावेत.

पाचवा कॅमेरा 'निकॉन एफएम-टेन'. १९९९ साली पतपेढीचे कर्ज काढून घेतला. नाव निकॉनचे असले तरी तो कोसिना नावाच्या दुसऱ्या जपानी कंपनीने बनवलेला होता, म्हणून त्यातल्या त्यात स्वस्त. सगळे हाताने लावायचे, सेल फक्त उजेड मोजण्यापुरता. सेल संपला तरी शटर चालायचे थांबत नाही. हौस असणाऱ्याला यापेक्षा चांगला गुरू नाही.

या कॅमेऱ्यावर आम्हाला एक मोठी गोष्ट उमगली. आपल्याकडे मंगल परिणय असो की विहारातला कार्यक्रम, माणसे शुभ्र वस्त्रे नेसतात. फोटो येतो तेव्हा साड्या करड्या आणि चेहरे काळेठिक्कर. लोक म्हणतात, आमचे फोटो चांगले येतच नाहीत. फोटोत दोष चेहऱ्याचा नसतो. कॅमेऱ्यातले मोजमाप समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. समोर पांढरेशुभ्र दिसले की ते समजते उजेड फार आहे, आणि भिंगाचे तोंड आवळते. मग सावळा चेहरा अंधारात जातो. उपाय सोपा आहे. चेहऱ्यावर जो उजेड पडतो त्याच उजेडात आपला तळहात धरावा, त्याच्यावरून मोजमाप घ्यावे आणि एक घर जास्त उघडावे. माणूस गोरा असो की काळा, तळहात सगळ्यांचे साधारण सारख्याच उजळपणाचे असतात. फोनवर हेच करायचे तर चेहऱ्यावर बोट टेकवावे आणि बाजूला सूर्याचे चिन्ह दिसले की ते जरा वर सरकवावे.

काळ्या-सावळ्या चेहऱ्यांवरचा हा अन्याय नुसता मोजमापाचा नव्हता. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने १९५० च्या दशकापासून लॅबवाल्यांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-फोटो पुरवायला सुरुवात केली. त्यावर एक गोरी तरुणी असे. तिच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी नीट आली की रंग बरोबर, असे मानले जाई. काळी माणसे त्याच फिल्मवर नीट उमटत नसत. वर्गाच्या फोटोत गोरी मुले स्पष्ट आणि काळ्या मुलांचे फक्त डोळे नि दात, अशी तक्रार आया करीत. पण फिल्ममधल्या तपकिरी छटा सुधारल्या त्या चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्या कंपन्यांनी ओरड केली तेव्हा. त्यांच्या मालाच्या छटा जाहिरातीत बरोबर येत नव्हत्या! निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे १९९० च्या दशकात निघाली. अगदी अलीकडे, २०२१ साली, गूगलने आपल्या पिक्सेल सहा या फोनात 'रिअल टोन' या नावाने सावळ्या वर्णाची दखल घेतली. यंत्रही ज्याच्या हातून घडते त्याच्याच घरचे चेहरे ओळखते, हे यावरून दिसते.

याच संदर्भात अमेरिकेचे फ्रेडरिक डग्लस आठवतात. ते गुलामगिरीत जन्मले, १८३८ साली पळून जाऊन मोकळे झाले आणि गुलामगिरीविरुद्ध मोठे वक्ते व लेखक झाले. एकोणिसाव्या शतकात ज्यांचे सर्वांत जास्त फोटो निघाले अशा अमेरिकनांत त्यांचे नाव पहिले घेतात. सुमारे १६० फोटो आज ठाऊक आहेत. त्या काळी वर्तमानपत्रांत काळ्या माणसांची विद्रूप चित्रे काढीत. त्याला उत्तर म्हणून डग्लस स्वच्छ कोट घालून, नजर रोखून, पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसले. आपला चेहरा दुसऱ्याने काढलेल्या चित्रावर सोडायचा नाही, हे त्यांना पक्के कळले होते.

सहावा कॅमेरा आमच्या मुलीने २००७ साली दिला. 'कॅनन पॉवरशॉट ए-४६०', पाच मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. फिल्म नाही, धुलाई नाही. सांगण्यासारखी गोष्ट अशी, की फिल्मवाचून चालणारा पहिला कॅमेरा फिल्म विकणाऱ्या कोडॅकच्याच एका इंजिनिअरने, स्टीव्हन सॅसन यांनी, १९७५ साली बनवला होता. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. कंपनीची भिस्त फिल्मच्या धंद्यावरच राहिली आणि २०१२ साली तिने दिवाळखोरी जाहीर केली.

आमच्या घरी मात्र या कॅमेऱ्याने निराळाच प्रश्न उभा केला. क्लिक थ्रीवर वर्षाला चाळीस फोटो निघत, ते सगळे छापले जात. पॉवरशॉटवर एका सहलीत चारशे निघू लागले आणि छापणे बंद झाले. २०११ साली संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली आणि चार वर्षांचे फोटो एका दिवसात गेले. जे थोडे आम्ही छापून आप्तांना वाटले होते, तेवढेच त्यांच्या अल्बमांतून परत मिळाले.

अमेरिकेत शिकागो शहरात व्हिव्हियन मायर नावाची एक बाई होती. जन्म १९२६. तिने बहुतेक आयुष्य दुसऱ्यांच्या घरी मुले सांभाळण्याची नोकरी केली. फावल्या वेळात गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा अडकवून ती रस्त्यांवर हिंडे आणि मजूर, मुले, म्हाताऱ्या बाया यांचे फोटो काढी. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह तिच्यामागे राहिल्या, कित्येक रोल तर धुतलेलेसुद्धा नव्हते. तिने ते कुणाला फारसे दाखवले नाहीत. सामान ठेवलेल्या जागेचे भाडे थकले म्हणून २००७ साली तिच्या पेट्या लिलावात गेल्या. २००९ साली ती वारली, आणि त्यानंतर जगाला कळले की मुले सांभाळणारी ही बाई किती मोठी छायाचित्रकार होती. कष्टकरी बाईच्या हातातही अशी नजर असू शकते, हे आपल्या लेकीसुनांना जरूर सांगावे. आणि हेही सांगावे की त्या पेट्या कुणी कचऱ्यात टाकल्या असत्या तर आज आपल्याला तिचे नावही ठाऊक नसते.

सातवा कॅमेरा म्हणजे आमचा मोबाईल. २०१६ साली घेतला, मध्ये एकदा बदलला. खरे सांगायचे तर जे काम करायला झेनिटला किलोभर लोखंड लागे ते हा खिशातून करतो. रात्रीच्या उजेडातही फोटो काढतो. आमचा त्याच्याशी वाद एकाच बाबतीत आहे. काही फोनांत 'ब्युटी' म्हणून एक सोय असते, ती आपोआप चेहरा गोरा करते, सुरकुत्या पुसते, गाल गुळगुळीत करते. आमच्या नातवाने गेल्या वर्षी त्याच्या आजीचा फोटो काढून दाखवला. ती बघून हसली आणि म्हणाली, "ही कोण बया?" पन्नास वर्षांपूर्वी स्टुडिओवाल्याने ब्रशने जे केले तेच आता फोन न विचारता करतो. नातवाने ती सोय तिथल्या तिथे बंद केली आणि दुसरा फोटो घेतला. त्यात तिच्या कपाळावरच्या आठ्या आहेत, शाईने रंगलेली बोटे आहेत, कारण तीही अनेक वर्षे छापखान्यात बाइंडिंगचे काम करीत होती. तो फोटो आम्ही छापून घेतला आहे.

हे सर्व सांगण्याचे तात्पर्य एवढेच, की सात कॅमेऱ्यांपैकी आज चालू आहेत दोनच, मोबाईल आणि एफएम-टेन. बाकीचे विकले गेले, बिघडले किंवा त्यांची फिल्म मिळेनाशी झाली. राहिले ते निगेटिव्ह आणि छापील फोटो, एका पत्र्याच्या डब्यात. म्हणून वाचकांना आमच्या अनुभवातल्या काही गोष्टी सुचवतो.

घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचा एक स्वच्छ फोटो आत्ताच काढून ठेवावा. दारात किंवा खिडकीजवळ बसवावे, ऊन सरळ तोंडावर नको, बाजूने उजेड यावा. त्यांचे हात फोटोत येऊ द्यावेत. एक फोटो त्यांच्या कामाच्या जागी किंवा कामाच्या वस्तूसोबत काढावा.

फोनातले फोटो तीन ठिकाणी असावेत. एक फोनात, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी राहणाऱ्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि पुढे छापायला निकामी ठरतो. महत्त्वाचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे तो मूळचा तसाच पोचतो.

वर्षाला निदान दहा फोटो छापून घ्यावेत. चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम वापरू नयेत, त्यातला गोंद काही वर्षांत फोटो खातो. कागदाच्या पाकिटात ठेवलेले बरे. जुन्या निगेटिव्ह घाम आलेल्या बोटांनी धरू नयेत, कडेने धराव्यात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते, म्हणून कॅमेरा चामड्याच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवावा.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने पूर्ण नाव, नाते, गाव आणि साल लिहावे. कागद गुळगुळीत असेल तर पाकिटावर लिहावे. आमच्या डब्यातल्या त्या बारा माणसांपैकी चौघांची नावे आम्ही त्या वेळीच लिहून ठेवली होती म्हणून आज सांगता येतात. बाकीच्यांची नावे गोळा करण्यासाठी आम्ही जुन्या सोबत्यांकडे फोटो घेऊन जात असतो. आतापर्यंत तिघांची मिळाली. पाच राहिली आहेत. जिन्याजवळ वळकटी घेऊन उभे असलेले आपले कुणी आजोबा, काका, मामा १९८२ साली मुंबई सोडून गावी गेले असतील, तर त्यांच्याविषयी घरी विचारून बघा. आणि आज संध्याकाळी घरात जे कुणी सर्वांत वयस्कर असेल त्यांच्यासमोर जुने फोटो घेऊन बसा, हातात पेन्सिल असू द्या. ते सांगतील ते लिहीत जा.